मेर्सेनची चूक आणि कोल यांचे रविवार

न्यूयॉर्क शहरात ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक भरली होती. निबंधवाचनात कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांचे नाव होते. विषय होता 'मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याविषयी'. गोष्ट अशी सांगतात, की कोल उठले, काही न बोलता फळ्यापाशी गेले आणि त्यांनी २ चा ६७ वा घात काढायला सुरुवात केली. आलेल्या संख्येतून त्यांनी १ वजा केला. मग फळ्याच्या कोऱ्या भागात दोन मोठ्या संख्या लिहिल्या आणि त्यांचा गुणाकार शाळेत करतात तसा ओळीखाली ओळ मांडून पुरा केला. दोन्हीकडे एकच संख्या आली. खडू ठेवून कोल जागेवर जाऊन बसले. एक शब्दही ते बोलले नव्हते. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला आणि प्रश्न कोणीच विचारला नाही.

गणिताच्या इतिहासातील ही बहुधा सर्वांत शांत गोष्ट असावी. मीही ती अनेकदा सांगितली आहे. एकदा शिक्षकांच्या एका शिबिरात ती रंगवून सांगितल्यावर मागच्या बाकावरच्या एका बाई म्हणाल्या, "सर, गुणाकार बरोबर आला हे कळले. पण ते दोन आकडे त्यांना सापडले कुठे?" मी "तीन वर्षांचे रविवार खर्च करून" असे ठरलेले उत्तर दिले. बाईंचे समाधान झाले नाही, आणि खरे म्हणजे माझेही झाले नाही. तीन वर्षांच्या रविवारी कोल नेमके काय करत होते, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

आधी त्या संख्येची ओळख करून घेऊ. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे गहू ठेवत जाण्याची गोष्ट प्रत्येक शिक्षकाने वर्गात सांगितलेली असते. पटावरील एकूण दाणे २ च्या ६४ व्या घातापेक्षा एकाने कमी भरतात. २ चा ६४ वा घात आहे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. त्याला ८ ने गुणून १ वजा केला, की आपली संख्या मिळते:

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

एकवीस अंकी ही संख्या म्हणजे २ चा ६७ वा घात उणे १. सोयीसाठी तिला म(६७) म्हणू. त्याच रीतीने म(५) म्हणजे ३१, म(७) म्हणजे १२७ आणि म(११) म्हणजे २०४७. 'म' हे अक्षर मारँ मेर्सेन यांच्या नावावरून घेतले आहे.

मेर्सेन (१५८८–१६४८) हे पॅरिसमधील एक ख्रिस्ती मठवासी. स्वतः फार मोठे गणिती नव्हते, परंतु फर्मा, देकार्त अशा त्या काळच्या मोठमोठ्या माणसांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. वैज्ञानिक नियतकालिके नसलेल्या त्या दिवसांत एकाचे संशोधन दुसऱ्यापर्यंत पोचवण्याचे काम ते करत. मूळसंख्यांत त्यांना रस होता तो परिपूर्ण संख्यांमुळे. ज्या संख्येच्या (ती स्वतः सोडून) सर्व विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच येते ती परिपूर्ण संख्या. उदाहरणार्थ ६, २८, ४९६, ८१२८. म(न) ही मूळसंख्या असेल तर तिच्यापासून एक परिपूर्ण संख्या बनवता येते, हे युक्लिडने दाखवून ठेवले होते. तेव्हा प्रश्न उरला तो न च्या कोणत्या किमतींना म(न) मूळ असते एवढाच.

न संयुक्त असेल तर म(न) नक्कीच संयुक्त असते. पण न मूळ असला म्हणजे म(न) मूळ असेलच असे नाही. म(११) म्हणजे २०४७ हे २३ आणि ८९ यांच्या गुणाकाराइतके आहे. १६४४ साली मेर्सेन यांनी एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत ठामपणे लिहिले, की २५७ पर्यंत न च्या फक्त अकरा किमतींना म(न) मूळ आहे: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. सिद्धता काही दिली नाही. गंमत अशी, की पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे तपासायला सारा काळही पुरणार नाही, अशा अर्थाचे विधान त्यांनी त्याच ठिकाणी केले आहे. मग ७८ अंकी म(२५७) बद्दल त्यांनी कशाच्या आधारे लिहिले?

या यादीत पाच चुका आहेत. ६१, ८९ आणि १०७ या किमती यायला हव्या होत्या, त्या राहिल्या. ६७ आणि २५७ यायला नको होत्या, त्या आल्या. '६१' च्या जागी छपाईत '६७' पडले असावे असा तर्क पुढे काहींनी केला. मला तो मेर्सेन यांना वाचवण्याचा प्रेमळ प्रयत्न वाटतो, कारण बाकीच्या चुकांना असा खुलासा नाही. ते असो. मुद्दा असा की ही यादी दोनशेहून अधिक वर्षे टिकली, आणि ती बरोबर होती म्हणून नव्हे. तपासणे कोणाच्या आवाक्यात नव्हते म्हणून.

आवाक्याबाहेर म्हणजे किती, ते पाहू. सर्वांत साधी रीत म्हणजे २, ३, ५, ७ अशा मूळसंख्यांनी ओळीने भागत जाणे. इथे एक मोठी मदत फर्माने १६४० मध्येच करून ठेवली होती. न ही विषम मूळसंख्या असेल, तर म(न) चा कोणताही विभाजक '२न च्या पटीत १ मिळवून' येणाऱ्या रूपाचाच असतो. म(११) साठी हे रूप २२ ची पट अधिक १: २३ आणि ८९ दोन्ही तसेच आहेत. याच युक्तीने फर्माला म(३७), म्हणजे १,३७,४३,८९,५३,४७१ या संख्येचा २२३ हा अवयव जवळजवळ हातोहात मिळाला. ७४ ची पट अधिक १ या रूपातली ती दुसरीच मूळसंख्या. ऑयलरने त्यात भर घातली, की अशा विभाजकाला ८ ने भागले असता बाकी १ किंवा ७ च उरते. या दोन चाळण्या लावून त्याने १७७२ साली म(३१), म्हणजे २,१४,७४,८३,६४७ ही मूळसंख्या असल्याचे दाखवले. त्यासाठी सुमारे ८० भागाकार पुरतात.

हीच रीत म(६७) ला लावली तर? अवयव १३४ ची पट अधिक १ या रूपाचे हवेत आणि ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ हवी. कोल यांना सापडलेला लहान अवयव १९,३७,०७,७२१ आहे. तिथपर्यंत पोचायला या दोन्ही अटींत बसणाऱ्या सात लाखांहून अधिक संख्या ओलांडाव्या लागतात. एकवीस अंकी संख्येला आठ-नऊ अंकी संख्येने भागायला पाच मिनिटे धरली, तर साठ हजार तास होतात. ३, ५, ७ यांनी भाग जाणाऱ्या आधीच गाळल्या, तरी पंचवीस हजारांच्या वर. तीन वर्षांत रविवार येतात १५६. दर रविवारी दहा तास बसले तरी सोळाशे तास पुरे होत नाहीत. तेव्हा कोल भागाकार करत बसले नव्हते, एवढे तरी साध्या त्रैराशिकावरून ठरते. शिबिरातल्या बाईंना मी हे त्रैराशिक तिथल्या तिथे मांडून दाखवू शकलो असतो.

कोल यांच्याकडे वळण्यापूर्वी एक टप्पा सांगायला हवा, कारण त्यांनी काम हाती घेतले तेव्हा म(६७) संयुक्त आहे हे आधीच कळलेले होते. १८७६ साली फ्रेंच गणिती एद्वार ल्यूका यांनी ते दाखवले, आणि तेही एकही अवयव न शोधता.

अवयव न शोधता संख्या संयुक्त आहे असे म्हणणे विद्यार्थ्यांना अशक्य वाटते. ९१ हे उदाहरण घ्यावे. पुष्कळ मुलांना ती मूळसंख्या वाटते. फर्माचा एक नियम आहे: प ही विषम मूळसंख्या असेल तर २ च्या (प – १) व्या घाताला प ने भागून बाकी १ च उरते. ९१ साठी पाहू. २ चा १२ वा घात ४०९६. ९१ ची ४५ पट ४०९५. म्हणजे बाकी १. म्हणून ८४ व्या घाताचीही बाकी १, आणि ९० व्या घाताची बाकी ६ व्या घाताएवढी, म्हणजे ६४. ती १ नाही. म्हणून ९१ मूळ असू शकत नाही. ७ आणि १३ यांचे नावही आपण घेतले नाही.

ल्यूका यांनी मेर्सेन-संख्यांसाठी अशीच, पण दुहेरी उपयोगाची कसोटी शोधली. तिचे आज वापरात असलेले सुटसुटीत रूप अमेरिकन गणिती डी. एच. लेहमर यांनी १९३० साली दिले. ४ पासून सुरुवात करायची. दर वेळी वर्ग करून २ वजा करायचे आणि म(न) ने भागून बाकी घ्यायची. असे न पेक्षा २ ने कमी वेळा करायचे. शेवटी ० आले तर म(न) मूळ, नाही आले तर संयुक्त. १२७ साठी ओळ येते ४, १४, ६७, ४२, १११, ०. म्हणून १२७ मूळ. २०४७ साठी ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६; शेवटी शून्य नाही, म्हणून २०४७ संयुक्त. आठवी-नववीच्या वर्गात दोन तासिकांत हे होते. मी ते करून पाहिलेले आहे. मुले एकमेकांच्या बाक्या तपासताना चांगली भांडतात.

म(६७) साठी ६५ पायऱ्या लागतात. प्रत्येक पायरीला एकवीस अंकी संख्येचा वर्ग आणि मग भागाकार. कंटाळवाणे काम, पण एका माणसाला झेपणारे. ल्यूका यांनी १८७६ मध्येच म(१२७) मूळ असल्याचेही दाखवले. ही ३९ अंकी संख्या १९५१ पर्यंत माणसाला ठाऊक असलेली सर्वांत मोठी मूळसंख्या राहिली. जाता जाता, 'हनोईचा मनोरा' हे तबकड्यांचे कोडेही याच ल्यूका यांचे, १८८३ सालचे. त्यासोबत काशीच्या देवळात चौसष्ट सोन्याच्या तबकड्या हलवणाऱ्या पुजाऱ्यांची कथा जोडलेली होती. त्या मनोऱ्यावर आणखी तीन तबकड्या चढवल्या, तर लागणाऱ्या कमीत कमी चाली बरोबर म(६७) इतक्या होतात.

तर १८७६ नंतर परिस्थिती मोठी विचित्र झाली. म(६७) फुटते हे नक्की, पण कुठे फुटते ते कोणाला ठाऊक नाही. बंद पेटी हलवून आत काहीतरी आहे एवढेच कळावे तसे. शिवाय ल्यूका यांच्या निकालावर विश्वास ठेवायचा तर त्यांची सगळी आकडेमोड पुन्हा करायला हवी; त्यात एक आकडा चुकला तरी शून्य येणार नाही आणि मूळसंख्याही संयुक्त ठरेल. याउलट दोन अवयव हातात आले, की कोणीही एक गुणाकार करावा आणि मोकळे व्हावे.

आता कोल यांची रीत. डिसेंबर १९०३ मध्ये सोसायटीच्या बुलेटिनमध्ये त्यांचा निबंध छापून आला. तो चार पानांचा आहे. त्याचा गाभा शाळेतल्या एका सूत्रात आहे: अ चा वर्ग उणे ब चा वर्ग म्हणजे (अ + ब) गुणिले (अ – ब). विषम संख्येचे दोन अवयव असतील तर ती दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहिता येते, आणि तशी लिहिता आली की अवयव मिळालेच. ही युक्तीही फर्माचीच. २०४७ घेऊ. ४५ चा वर्ग २०४७ पेक्षा लहान, म्हणून ४६ पासून सुरुवात. ४६ चा वर्ग उणे २०४७ म्हणजे ६९, पूर्ण वर्ग नाही. ४७ ला १६२, नाही. असे करत ५६ ला १०८९ येते, आणि तो ३३ चा वर्ग. म्हणून अवयव ५६ + ३३ = ८९ आणि ५६ – ३३ = २३. अकरा प्रयत्न लागले.

म(६७) साठी याच रीतीने सरळ जायचे तर अ ची सुरुवात सुमारे १,२१५ कोटींपासून होते, आणि खरे उत्तर आहे ३,८१,०१,५९,८२,५०४. मध्ये साडेछत्तीस हजार कोटींहून अधिक टप्पे. हे तर भागाकारापेक्षाही वाईट! पण या रीतीत एक खुबी आहे. भागाकारात प्रत्येक संख्येपाशी थांबावे लागते. इथे अ वर अटी घालता येतात, आणि प्रत्येक अट उमेदवारांचे थवेच्या थवे उडवून लावते.

पहिली अट अगदी सोपी. पूर्ण वर्गाच्या एकक स्थानी ०, १, ४, ५, ६, ९ एवढेच अंक येतात. म(६७) च्या शेवटी ७ आहे. अ च्या वर्गातून ती वजा केल्यावरही पूर्ण वर्गच उरायचा, तर अ चा वर्ग १ किंवा ६ नेच संपायला हवा; म्हणून अ च्या शेवटी १, ४, ६ किंवा ९. दुसरी अट: म(६७) ला ८ ने भागल्यावर बाकी ७ उरते. सम आणि विषम वर्गांच्या ८ ने भागल्यावरच्या बाक्या तपासल्या तर अ हा ४ च्या पटीतलाच असावा लागतो. दोन्ही अटी मिळून वीसपैकी दोनच संख्या उरतात. वर्गात हे फळ्यावर करण्यासारखे आहे.

तिसरी अट अधिक धारदार आहे, आणि ती फर्माच्या जुन्या नियमातून येते. पुन्हा २०४७ पाहू. अवयव प आणि फ दोन्ही '२२ ची पट अधिक १' या रूपाचे. म्हणून (प – १) आणि (फ – १) यांच्या गुणाकाराला २२ च्या वर्गाने, म्हणजे ४८४ ने भाग जातो. हा गुणाकार सोडवला तर २०४८ उणे (प + फ) एवढा येतो. म्हणून प + फ ला ४८४ ने भागले असता तीच बाकी उरली पाहिजे जी २०४८ ला भागल्यावर उरते: ११२. अ हा प + फ च्या निम्मा. म्हणून अ च्या शक्य किमती ५६, २९८, ५४० अशाच. पहिलीच किंमत ५६! मघाच्या अकरा प्रयत्नांच्या जागी एक.

म(६७) साठी हीच अट सांगते, की अ ला ८,९७८ ने भागल्यावर बाकी ५,१६० उरली पाहिजे. एका फटक्यात साडेछत्तीस हजार कोटींचे सुमारे चार कोटी झाले. हेही हाताने करण्यासारखे नाही, म्हणून कोल पुढे गेले. कोणत्या संख्या म(६७) चे वर्गशेष आहेत, म्हणजे कोणत्या बाक्या पूर्ण वर्गांना म(६७) ने भागून मिळू शकतात, हे त्यांनी शोधले. प्रत्येक वर्गशेष अवयवांवर एक नवे बंधन घालतो. अशी बंधने एकत्र गुंफत ते शेवटी या रूपापाशी पोचले:

अ = १,३२,३५,३६,७६० × क्ष + १,१६,०९,३२,३८४

त्यातल्या पहिल्या संख्येचे अवयव पाडले तर ८, ८१, ५, ७, १३ आणि ६७ चा वर्ग हे मिळतात. कोणत्या चाळण्या लावल्या त्याची जणू नोंदच त्या संख्येत राहिली आहे. ६७ चा वर्ग वरच्या तिसऱ्या अटीतून येतो, ५ एकक स्थानाच्या अंकातून. उत्तर येते क्ष = २८७ ला. अ म्हणजे ३,८१,०१,५९,८२,५०४. ब म्हणजे ३,८०,८२,२२,७४,७८३. त्यांची बेरीज आणि वजाबाकी केली, की

७,६१,८३,८२,५७,२८७ आणि १९,३७,०७,७२१

हे दोन अवयव समोर येतात. मेर्सेन यांच्या विधानानंतर २५९ वर्षांनी.

गुणाकार वाचकांनी स्वतः करून पाहावा. कॅल्क्युलेटरवर इतके अंक मावत नाहीत, म्हणून कागदच हवा. अर्धा तास लागतो. घाई असेल त्यांनी निदान नवाचा ताळा पाहावा: दोन्ही अवयवांच्या अंकांची बेरीज करत गेल्यास शेवटी १ येतो, आणि म(६७) चाही १. अर्थात ताळा जमला म्हणजे गुणाकार बरोबर असे नव्हे, हेही मुलांना याच निमित्ताने सांगता येईल.

आता त्या शांत सभेविषयी. ही गोष्ट जगभर पसरली ती ई. टी. बेल यांच्या १९५१ सालच्या पुस्तकातून. बेल गणिती होते आणि फार चटकदार लिहीत, पण इतिहासकार म्हणून त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. गाल्वा या तरुण गणितीच्या मृत्यूची त्यांनी लिहिलेली हकिगत कागदपत्रांशी जुळत नसल्याचे १९८० च्या दशकात दाखवून दिले गेले आहे. कोल यांच्या सभेला तर बेल हजर नव्हतेच. १९०३ साली ते कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला शिकत होते. ते कोलंबियात आले त्यानंतर सात-आठ वर्षांनी. १९११ साली आपण कोल यांना किती वेळ लागला असे विचारले आणि त्यांनी 'तीन वर्षांचे रविवार' असे उत्तर दिले, असे ते सांगतात. हे संभाषण झालेही असेल. वरच्या हिशेबाशी ते जुळते. फळ्यावरचा गुणाकारही झाला असेल. पण निबंधाच्या शीर्षकातच 'मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याविषयी' असे असताना, आणि दोन महिन्यांत रीत छापून येणार असताना, तिच्याबद्दल माणूस अवाक्षर बोलला नाही हे मला पटत नाही. कोल सोसायटीचे चिटणीस होते, बुलेटिनचे संपादक होते. निबंध कसा सादर करायचा हे त्यांना इतरांपेक्षा चांगले ठाऊक असणार.

माझी तक्रार गोष्ट खोटी असण्याबद्दल फारशी नाही. मूक सभेच्या गोष्टीत चिकाटी दिसते आणि रीत नाहीशी होते, ही खरी अडचण आहे. मुलांच्या मनावर ठसते ते असे, की एक माणूस तीन वर्षे भागाकार करत बसला आणि शेवटी नशिबाने उत्तर लागले. प्रत्यक्षात त्या रविवारांतले पुष्कळसे कष्ट भागाकार टाळण्यासाठी होते.

ल्यूका आणि कोल यांच्या कामांतली दरी आजही बुजलेली नाही. २००२ साली कानपूरच्या आयआयटीतील मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कोणतीही संख्या मूळ आहे की संयुक्त हे निश्चितपणे आणि अंकांच्या मानाने झटपट ठरवणारी रीत शोधली. संयुक्त ठरलेल्या संख्येचे अवयव मात्र ती देत नाही. सर्वसाधारण मोठ्या संख्येचे अवयव तितक्याच झटपट पाडण्याची रीत नेहमीच्या संगणकांसाठी अजून कोणाला सापडलेली नाही. १९७७ साली पुढे आलेली आरएसए ही सांकेतिक लेखनाची पद्धत याच अडचणीवर उभी आहे. म(६७) चे अवयव आता साधा संगणक डोळ्याचे पाते लवते न लवते तोच काढतो, पण कित्येकशे अंकी संख्यांपुढे तोही थबकतो.

कोल १९२० साली सोसायटीच्या कामातून निवृत्त झाले. त्या वेळी सहकाऱ्यांनी त्यांना एक थैली अर्पण केली, ती त्यांनी सोसायटीलाच परत दिली. त्यातून त्यांच्या नावाचे पारितोषिक सुरू झाले. संख्या सिद्धांतासाठीचे कोल पारितोषिक २००८ साली मंजुळ भार्गव यांना मिळाले.

मेर्सेन यांच्या यादीतली दुसरी चुकीची नोंद २५७ ची. म(२५७) संयुक्त आहे हे लेहमर यांनी १९२७ साली ल्यूका यांच्या कसोटीने, अर्थातच अवयव न देता, दाखवले. तिचा सर्वांत लहान अवयव ५३,५०,०६,१३,८८,१४,३५९ हा पंधरा अंकी आहे, आणि तोही फर्माच्या नियमाप्रमाणे ५१४ ची पट अधिक १ याच रूपाचा. तो संगणकाच्या मदतीने सापडला १९७९ साली, आणि उरलेल्या भागाचे दोन अवयव पुढच्या वर्षी.